सत्तावीस दुकानं आणि आत्याचे रंग

कापडाच्या गिरणीत आत्यानं एकतीस वर्षं रंग जुळवले. गिऱ्हाइकानं चिंधी टेबलावर ठेवली, की ती उचलून आत्या खिडकीपाशी जायची. परत येईपर्यंत कुठला रंग किती मिसळायचा, ते तिच्या डोक्यात तयार असायचं. गिरणी बंद झाली तेव्हा भाची म्हणाली, "घरी बसून भिंतींशी बोलशील. त्यापेक्षा माझ्याकडे कामाला ये."

भाची सत्तावीस दुकानांचा ऑनलाइन व्यवहार सांभाळायची. कुणाची खेळणी, कुणाची कुलपं, कुणाचे चष्मे. सगळ्यांची खाती एकाच संगणकावर उघडली की एकमेकांत गुंतायची, म्हणून तिनं अँटी-डिटेक्ट ब्राउझर घेतला होता. त्यात प्रत्येक दुकानाची प्रोफाइल निराळी. वेबसाइटला वाटावं, हे सत्तावीस वेगवेगळे संगणकच आहेत.

"म्हणजे एका घरात सत्तावीस बिऱ्हाडं," आत्या म्हणाली. "एकाची भांडणं दुसऱ्याला ऐकू जायला नकोत."

"अगदी तेच!"

आत्याचं काम सोपं होतं. एकेक प्रोफाइल उघडायची आणि गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. पण तो पांढराफटक पडदा तिच्या डोळ्यांना टोचायचा. एका दुपारी तिनं कोपऱ्यातलं दातेरी चाक दाबलं आणि सेटिंगची यादी उघडली. थीम 'गडद' केली, तशी सगळी खिडकी निवली. मग अक्षरं मोठी केली. प्रॉक्सीचे, म्हणजे प्रत्येक दुकानाच्या निराळ्या इंटरनेट-पत्त्याचे आकडे, तारखा, वेळा, असले डोक्यावरून जाणारे कॉलम दिसेनासे केले. राहिली फक्त नावं. मग तिनं प्रत्येक नावापुढच्या गोलाला रंग द्यायला घेतला.

त्या दुपारी लांबत गेल्या. पंखा संथ फिरायचा, अंधाऱ्या पडद्यावर गोल तरंगायचे, आणि आत्याला वाटायचं, आपण पुन्हा रंगाच्या हौदांच्या कडेनं चाललोय, पायाखाली ओली फरशी आहे, वाफेतून कुणीतरी हाक मारतंय. ती ओ द्यायची. शेजारच्या टेबलावर दुकानांच्या मालाचे फोटो काढणारी फोटोवाली हसून विचारायची, "कुणाशी बोलताय?"

एका सोमवारी भाचीचा संगणक बिघडला, म्हणून ती आत्याच्या खुर्चीत बसली आणि किंचाळलीच. "आत्या! प्रॉक्सी कुठं गेल्या? सगळं पुसलंस की काय?"

"पुसतेय कशाला? पडद्याआड ठेवलंय." आत्यानं सेटिंगच्या यादीतल्या चौकोनांत खुणा केल्या आणि सगळे कॉलम परत आले. भाचीचा जीव भांड्यात पडला. ती हसली आणि हसता हसता थांबली. अक्षरं इतकी मोठी होती, की पडद्यावर जेमतेम सहा दुकानं मावत होती.

"ही एवढी कधी झाली?"

"होत गेली."

"बरं, कुलपांच्या दुकानाला कुठला रंग दिलायस?"

"राखाडी. लोखंडाचा असतो तसा."

गोल झगझगीत निळा होता. दुसऱ्याच दिवशी तिनं आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला.

दोन शस्त्रक्रिया होऊन आत्या परत आली तेव्हा दोन महिने उलटले होते. तिनं ब्राउझर उघडला आणि तिचे डोळे दिपले. "अगं बाई! हा तमाशा कुणी मांडलाय?"

"तूच," भाची म्हणाली.

"आम्हाला वाटलं, तुमची आवड," फोटोवाली म्हणाली, आणि तिघीही पोट धरून हसल्या.

हसू ओसरल्यावर आत्या म्हणाली, "गिरणीतल्या शेवटच्या वर्षांत मी कुणाला काय रंग दिले असतील गं?"

"कुणी कापड परत आणलं का?"

"दोघा-तिघांनी. मी त्यांच्याशीच भांडले."

भाचीनं खुर्ची जवळ ओढली. ब्राउझरमध्ये तयार रंग होते, पण आत्यानं त्यांना हात लावला नाही. रंगाची पट्टी केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत तिनं अर्ध्या तासानं लोखंडाचा राखाडी शोधून काढला. अक्षरं लहान केली. थीम पुन्हा उजेडाची केली. पांढरा प्रकाश शेजारी बसलेल्या भाचीच्या चेहऱ्यावर पडला आणि आत्या तिकडे बघतच राहिली.

"तुझे केस पिकलेत की गं."

"चार वर्षं झाली, आत्या."

"मला कुणी सांगितलंच नाही," आत्या म्हणाली आणि भाचीच्या कानामागची एक पांढरी बट हलकेच बोटांत धरून उजेडाकडे वळवून पाहू लागली.