पळसफुलांची ओंजळ

कळमेश्वरच्या आमच्या कारखान्यात पळसफुलांचा अर्क काढतात. तो चेहऱ्याच्या क्रीममध्ये जातो. फुलं तपासून घेणं हे माझं काम. फुलं आणणाऱ्या बायांपैकी एकीचं पोतं मला कधी उघडावंच लागायचं नाही. त्याआधीच ती ओंजळ भरून माझ्या डोळ्यांसमोर धरायची. "रंग पाहा, भाऊ. सावलीत वाळवले. उन्हात ठेवलं का रंग मरते."

क्रीमच्या डब्यावर भरल्या ओंजळीचा फोटो हवा होता, म्हणून मी तिलाच बोलावलं. ती पहाटे वेचलेली ताजी फुलं घेऊन आली आणि तिनं ओंजळ पुढे केली. भेगा, काळी नखं. मी फोटोवाल्याकडे पाहिलं, एवढंच. तिनं हात पदराला पुसले आणि स्वतःच म्हणाली, "लॅबमधल्या मॅडमले बोलवा ना, भाऊ. त्याइचे हात गोरे हायेत."

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी मॅडमना बोलावलं. त्यांच्या ओंजळीत फुलं ठरेनात, तेव्हा हीच खाली बसून एकेक फूल सरळ करत राहिली, आपण फोटोत येऊ नये म्हणून मान वाकवून.

छापून आलेला डबा मी तिला दाखवला. "फुलं मस्त आले," ती खरोखर खुशीत म्हणाली.

आता ती फुलं सुपातून दाखवते. "रंग पाहा, भाऊ," तसंच म्हणते. हात सुपाखाली असतात.