दहाव्याला नायट्रोजन

माझ्या बायकोच्या दहाव्याला पैठणला सगळे वेळेवर पोचले. न्हावी आला, गुरुजी आले, फुलंब्रीची भावकी आली, कावळेसुद्धा आले. पोचलो नव्हतो ते फक्त आम्ही घरचे. कारण गाडीच्या टायरात हवा भरायला मी नाय म्हणत होतो.

कुणी म्हणंल, म्हातारा दुःखानं भ्रमला. भ्रमलो असतो तर बरं झालं असतं! पूर्ण शुद्धीवर राहून मी हा गाढवपणा केला.

माझं शिक्षण चौथी. सारी हयात कंपनीच्या गेटवर वॉचमन. रिटायर झाल्यावर एक जुनी गाडी घेतली, तर पंपावरच्या माणसानं मला ज्ञान दिलं, "काका, नायट्रोजन भरा. टायर तापत नाय, फुटत नाय, हवा उतरत नाय." वर व्हॉल्वला हिरवी टोपणं बसवून दिली. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत तसली टोपणं कुणाच्याच गाडीला नव्हती! मी रोज सकाळी फडक्यानं पुसायचो. (गाडी नाय. टोपणं.)

आमच्या कौसल्येला हे मान्य नव्हतं.

"आवो, देवानं हवा फुकट दिलीय, ती गोड लागंना व्हय तुमाला?"

"तुला काय कळतंय त्यातलं? ह्यानं खड्डेबी कमी लागत्यात."

(हे पंपवाला बोलला नव्हता. ही भर माझी.)

ती भर मला नडली. तिला शेवटचं दवाखान्यात नेलं ते ह्याच गाडीतून. बैलगाडीपेक्षा हळू चालवत होतो, पण रस्ता काय आपल्या बापाचा? दर खड्ड्याला ती कण्हायची. दवाखान्याच्या गेटाशी म्हणाली, "तुमच्या नायट्रोजनाला खड्डा दिसंना का वो?" मी म्हटलं, "घरी जाताना सांगतो तुला." घरी आली ती शववाहिकेतून. त्या गाडीच्या टायरात कोणती हवा होती ते मी विचारलं नाय.

वाद अर्धाच राहिला.

तर दहाव्याच्या सकाळी गाडी मीच काढली. शेजारी पोरगा संतोष, मागं पोरगी मंगल मांडीवर नैवेद्याचा डबा धरून, तिच्या बाजूला माझा मेव्हणा रंगनाथ. गुरुजींनी बजावलं होतं, बाराच्या आत पिंड ठेवायचे, मला पुढं दुसरं काम हाय. बिडकीन मागं पडलं आणि गाडी एका अंगाला ओढायला लागली. उतरून बघतो तर मागच्या टायरात हा एवढा खिळा!

नशिबानं समोरच पंक्चरचं दुकान. दुकानदार भला माणूस. "चाचा, बैठो, अब्बी हुआ," म्हणत त्यानं खिळा उपसला, भोक बुजवलं आणि हवेचा पाइप ओढून आणला. मी पाइप धरला.

"ये कौनसी हवा हाय?"

त्यानं पाइपाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हवा है चाचा. हवा जैसी हवा."

"मेरेको नायट्रोजन होना. साधी मिसळी तो सब खराब होता."

"वो तो शहर में मिलेगा."

"आण्णा, मग स्टेपनी लावू," संतोष म्हणाला आणि डिकीतून स्टेपनी काढली. भाकरीसारखी चपटी! तिच्यात साधी हवा होती. (डिकीत झोपणाऱ्या टायराला नायट्रोजन कशाला, हा माझाच हिशोब.) मला तर जोरच चढला.

"बघा! बघा! साधी हवा. उतरली का नाय?"

"दाजी, ही भरली कवा होती?" रंगनाथनं विचारलं.

"आधीच्या मालकानं भरली असंल."

"मग ती हवा पेन्शनीत गेली की हो!"

मंगल शाळेवर शिकवते. ती म्हणाली, "आण्णा, साध्या हवेतबी बहुतेक नायट्रोजनच असतो."

"आस्सं? मग मी नायट्रोजन मागतोय त्यात काय चुकलं?"

"मग साधी भरली तर काय बिघडलं?"

ह्यावर मी नुसता आवाज वाढवला.

तेवढ्यात घाटावरनं पुतण्याचा फोन आला. संतोषनं स्पीकर लावला.

"अरे कुठं हाईत तुम्ही? न्हावी वस्तरा परजून बसलाय!"

"टायरात हवा नाय."

"मग भरा की!"

"आण्णा भरू देईनात."

तिकडं कुजबुज झाली. मग आवाज आला, "काकांना कुणीतरी सावलीत बसवा रे."

मंगल रडायला लागली. "आण्णा, आज आईचा दहावा हाय. टायरचा नाय."

बोलणं काळजाला लागलं, पण हातातला पाइप सुटंना. साधी हवा एकदा आत गेली की कौसल्या जिंकली. वाद मिटला. आणि वाद मिटल्यावर आमच्या दोघांत बोलायला राहिलं काय?

शेवटी रंगनाथनं पैठणकडं जाणारा टेम्पो अडवला. त्यात फुलकोबी! चावी पंक्चरवाल्याच्या हातात टाकली आणि आम्ही चढलो. पांढऱ्या कपड्यांतला मी पांढऱ्या कोबीत असा मिसळलो, की उतरताना ड्रायव्हरनं मला मोजलंच नसतं. दर खड्ड्याला मी कण्हत होतो. रंगनाथ म्हणाला, "दाजी, ह्याच्यात साधी हवा दिसतीय."

घाटावर सगळे माझ्या खांद्यावरचा कोबीचा पाला बघत होते. संतोषची हजामत झाली, पिंड ठेवले, आणि आम्ही लांब सरकलो.

कावळे झाडावर बसलेले. शिवंनात!

संतोष हात जोडून म्हणाला, "आई, आण्णांना मी सांभाळीन." कावळा हलला नाय. मंगल म्हणाली, "आई, दर सणाला माहेरी येईन." नाय. मी म्हटलं, "गोळ्या येळेवर घेईन." एकानं चोच पुसली, बस्स. गुरुजी घड्याळ बघायला लागले.

"दाजी," रंगनाथ कानाशी आला, "पोरांवर तिचा राग नाय. हवेचं बोला."

"गप बस."

"आण्णा, बोला की हो!" मंगलनं हातच जोडले. माझ्यासमोर!

सगळ्या भावकीसमोर मी पुढं झालो, घसा खाकरला आणि म्हटलं, "कौसल्ये, साधी हवा भरतो. खड्ड्यांचं मी खोटं बोललो होतो."

फडफड झाली. दोन कावळे एकदम! गुरुजी म्हणाले, शिवला. माणसं हसत होती का रडत होती, मला दिसलं नाय. डोळ्यात पाणी असलं की माणसाला सगळी सारखीच दिसत्यात.

परतताना दुकानापाशी उतरलो, तर गाडी चारी पायांवर नीट उभी.

"टेम्पो गया और भर दी मैं," पंक्चरवाला म्हणाला. "गाडी रस्ते पे आडी थी, चाचा."

रंगनाथ डोकं खाजवत म्हणाला, "साधी हवा तर कवाच भरली होती. मग कावळा थांबला कशासाठी?"

"हवेसाठी नाय," मी म्हटलं. "माझ्या तोंडासाठी."

आता चारी टायरांत साधीच हवा हाय. पंधरा दिवसांनी बघून घेतो, कमी असली तर भरतो. गाडी होती तशीच चालती, खड्डेबी तेवढेच लागत्यात. शेजारच्या सीटवरनं टोमणा तेवढा येत नाय.

हिरवी टोपणं मात्र मी काढली नाहीत. कबुली हवेची दिली होती, टोपणांची नाय! कौसल्येला पटत नसंल तर तिनं येऊन भांडावं. मी रोज सकाळी फडकं घेऊन तिथंच बसलेला असतो.