जावयाचं कुलूप

आता ऐकायचंच म्हणता तर सांगतो, पण हसायचं ते शेवटी हसा. फजित्या मी आजवर पुष्कळ करून घेतल्यात. पण सासऱ्याचं दुकान, अंगावर आहेराचा नवा कोरा शर्ट, कपाळाला ओलं कुंकू आणि पोटात सात धोंडे, अशा अवस्थेत माणसाची जी फजिती होते तिची सर कशालाच नाही. आणि फजिती तरी आज म्हणतोय. त्या दिवशी ती निव्वळ भीती होती.

मुळात मी माणूस भित्रा. कुत्र्याला भितो, विजेच्या बटणाला भितो, आणि सासऱ्यांना तर लग्नाच्या बोलणीपासूनच भितो. सासरे परळीचे. स्टेशनाजवळ त्यांचं रंगाचं दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे आणि आवाज असा, की रस्त्यानं जाणारा माणूस काही घ्यायचं नसताना आत यावा. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला पाव्हणं म्हणतात. पण म्हणताना असे बघतात, की घेतलेला माल आता परत होईल का, याचा अंदाज चाललाय.

तेव्हा दिवसच असे होते की रोज काहीतरी नवं यायचं. नवे टीव्ही, नव्या गाड्या, नव्या कंपन्या. मी केजला कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो, आणि खरं सांगायचं तर त्याच भांडवलावर मला बायको मिळाली. मामांनी बाजारात सगळ्यांच्या आधी कॉम्प्युटर घेतला होता. त्याच्या खोलीत चप्पल काढून जायचं. थर्मल वीजकेंद्राची राख बसू नये म्हणून त्याच्यावर मामींची शाल पांघरलेली. सकाळी वैजनाथाला जाऊन आले की मामा एक बेलाचं पान कॉम्प्युटरलाही वाहायचे.

त्या कॉम्प्युटरात चार प्रोग्राम होते. मालाचा, बिलांचा, हिशेबाचा आणि पगाराचा. चौघांचे चार पासवर्ड, आणि मामांच्या लक्षात एकही राहीना. मग त्यांनी आपला उपाय केला. दुकान रंगाचंच, त्यामुळे चारही पासवर्ड लाल ऑइलपेंटनं कॉम्प्युटरच्या वरच्या भिंतीवर लिहून टाकले. अक्षर एवढं टपोरं, की समोरच्या हॉटेलात चहा पिता पिता वाचता यायचं.

"मामा, पासवर्ड गुपित ठेवायचा असतो," मी धीर करून म्हणालो.

"गुपितच हाय की. कुणाला सांगितलंय का मी?"

मी पुन्हा भिंतीवरची लाल अक्षरं वाचली. आणि मला हुरूप चढला. सासऱ्यांपुढे आपली विद्या दाखवायची अशी संधी जावयाला कितीदा मिळते? मी एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'कुलूप'. चारही पासवर्ड त्याच्या पोटात, दुसरीकडे कुठेही लिहिलेले नाहीत. मामांनी फक्त कुलपाचा एक पासवर्ड टाकायचा, की बाकीची दारं कुलूप आपलं आपण उघडणार. भिंतीवरचे शब्द मी मामांना रंग मारून झाकायला लावले. एक हात मारून लाल दिसत होतं, म्हणून मीच आग्रहानं तीन हात मारून घेतले.

पण मामा तो एक पासवर्डही दुसऱ्या दिवशी विसरले.

"पाव्हणं, आमाला ध्यानात राहील असं काय तरी करा."

ध्यानात काय राहतं मामांच्या? प्रदोष, शिवरात्र, संकष्टी. झोपेतून उठवलं तरी आजची तिथी सांगतील. मग मी कुलपात सुधारणा केली. पासवर्ड म्हणजे त्या दिवसाची तिथी. महिन्याच्या नावाची इंग्रजीतली पहिली तीन अक्षरं, मग शुद्ध की वद्य त्याचं एक अक्षर, मग तिथीचा आकडा. रोज नवा पासवर्ड आणि लक्षात ठेवायची गरज नाही. वाटलंच तर भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायचं. मामा इतके खूश झाले, की त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे कायमचा ठेवायचा माल म्हणून बघितलं.

पाडव्याला मी नव्या वर्षाच्या तिथ्या भरल्या. बायको, सुनंदा, पंचांगातून आकडे वाचायची आणि मी टाकायचो. कुठली तिथी गळते, कुठली दोनदा येते, सगळं बिनचूक. महिन्यांची बारा नावं मी आधीच भरून ठेवली होती. अमावास्या झाली की कुलूप आपोआप पुढचं नाव घेणार. शिवाय तेव्हा हवा होती की दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार. मी त्याचाही बंदोबस्त करून टाकला. पुढची शंभर वर्षं काळजी नाही, असं मामांना ऐकवलंसुद्धा.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण सुधारणेची चटक वाईट. मी आणखी एक सोय केली. पासवर्ड एकदा चुकला तर कुलूप गप्प बसेल. दुसऱ्यांदा चुकला तर बोंब मारेल. आणि तिसऱ्यांदा चुकला तर पोटातले चारही पासवर्ड पुसून टाकेल. मशीन बंद करून परत चालू केलं तरी चुका मोजलेल्या राहणार. माझ्या क्लासमधल्या सगळ्या फ्लॉप्या आणल्या तरी मलासुद्धा मागच्या दारानं आत जाता येणार नाही, असं पक्कं काम.

"पण पुसायचं कावून?" मामांनी विचारलं.

"चोराच्या हाती लागू नये म्हणून."

"म्हंजे दुकानात चोर शिरला, की आपणच दुकान पेटवून द्यायचं?"

मी नुसता हसलो. तेव्हा मला हसू येत होतं हे लक्षात ठेवा.

त्या साली उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. आमचं लग्न नवं, म्हणून महिना लागला त्याच दिवशी जावयाला बोलावणं. आणि नेमकं त्याच दिवशी रंगाच्या एका मोठ्या कंपनीचे साहेब परळीला येणार होते. त्यांना जिल्ह्याची एजन्सी कुणाला तरी द्यायची होती, आणि ज्याच्या दुकानातला सगळा माल कॉम्प्युटरवर बघायला मिळेल त्यालाच देणार होते. चार वाजता साहेब येणार, मामा बटण दाबणार, माल पडद्यावर दिसणार, एजन्सी मामांची. जावयाला जेवायलाही घालायचं आणि साहेबांपुढे मिरवायचंही, असा दुहेरी बेत.

आम्ही जीपमधून उतरलो तेव्हा मामा दारातच उभे होते. चेहरा काळवंडलेला.

"मामा, बरं नाही का?"

"आधी जेवा. मग बोलू."

या चार शब्दांवर मी पाय न धुताच पाटावर जाऊन बसलो. मामी पुरणाचा एकेक धोंडा वाढताहेत, वर तुपाची धार धरताहेत, आणि मी घास घोळवत विचार करतोय की माझं काय चुकलं? सुनंदानं घरी काही सांगितलं का? मी तिच्याकडे बघितलं, तर ती मजेत जेवत होती. मामा समोर बसून माझं जेवण कधी संपतंय ते बघत होते. मी भीतीनं नको म्हणायचंही विसरलो, म्हणून तर सात धोंडे झाले.

हात धुतल्यावर मामा मला दुकानात घेऊन गेले. मागून सुनंदा आली. मामांनी शाल काढली आणि पडद्याकडे बोट केलं.

"सकाळपासून उघडंना ह्ये. एकदा टाकलं, घेतलं न्हाई. मग मी हात लावला न्हाई. जावई जेवायच्या आधी काय सांगायचं, म्हणून गप बसलो."

"काय टाकलं होतं तुम्ही?"

"आजची तिथी. अधिक, शुद्ध, एक."

"स्पेलिंग?"

"ए, डी, एच. मग यस, मग एक."

मी कॅलेंडर बघितलं. अधिक, शुद्ध प्रतिपदा. बरोबर होतं की! मग मामांचं बोट चुकलं असणार. नाहीतर राख. परळीत काहीही बिघडलं की राखेवर ढकलता येतं. मी कीबोर्ड उलटा करून झटकला. खरंच चिमूटभर राख पडली. माझा जीव भांड्यात पडला. खुर्चीवर ताठ बसलो, आणि एकेक बटण जपून दाबत स्वतःच्या हातानं टाकलं. ए, डी, एच, यस, एक.

आणि कुलपानं बोंब मारली.

असा कर्कश आवाज तुम्ही ऐकला नसेल. मीच तो निवडला होता. वरून पडद्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'चोर, चोर' असं लुकलुकायला लागलं. समोरच्या हॉटेलातली माणसं कपबशी घेऊन रस्त्यावर आली.

"मला चोर म्हणायलंय?" मामांचा आवाज त्या बोंबेच्या वर गेला. "माझ्याच दुकानात?"

"तुम्हाला नाही मामा, मला म्हणतंय. शेवटचं मी टाकलं ना." बाहेर मरणाचं ऊन, आणि मला मात्र हिव भरलं होतं.

"आता आणिक एकदा चुकलं तर?"

मी आधी ती बोंब बंद केली. आणखी एकदा चुकलं की चारही पासवर्ड जाणार, माल दिसणार नाही, एजन्सी जाणार. एजन्सी गेली की मामा माझं काय करतील, हा विचार मी पूर्ण केला नाही, कारण तो पूर्ण करायला धाडस लागतं.

मामा भिंतीकडे वळले. दुकानातली लोखंडी पत्री घेऊन रंग खरवडायला लागले, खाली लाल अक्षरं सापडतात का बघायला. घाम गळेपर्यंत खरवडलं. टवकासुद्धा निघाला नाही.

"न्हाई निघायचा," ते खाली बसत म्हणाले. "चांगला रंग हाय. मीच मारलाय." त्या अवस्थेतही त्यांच्या आवाजात जरासा अभिमान होता.

घड्याळात चार वाजायला आले होते. मला तर वाटायला लागलं की दोन हजार सालाचं जे काही होणार होतं, ते आमच्या दुकानात आधीच झालं. तेवढ्यात मामी ताट घेऊन आल्या. त्यात अनारसे, वर दिवा.

"काय गोंधळ असंल त्यो असू द्या," त्या म्हणाल्या. "वाण घ्या आधी. अधिकाचं वाण हाय, न्हाई म्हणू नाही."

मी दोन्ही हातांनी ताट घेतलं, पण डोळे पडद्यावरच, त्यामुळे ताट तिरकं होऊन अनारसे काठापर्यंत घसरले. ते बघून सुनंदाला माझी दया आली असावी.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ह्या कुलपाला धोंड्याचा महिना ठाऊक हाय का?"

"म्हणजे?"

"पाडव्याला आकडे वाचताना मी म्हणलं नव्हतं का, की इथं महिना जास्तीचा आलाय म्हणून? तर तुमी म्हणलात, महिन्यांचं मशीन बघतंय, तू आकडे वाच."

ताट माझ्या हातात तसंच राहिलं. बारा नावं. मी बाराच नावं भरली होती. वैशाखाची अमावास्या झाल्यावर माझं कुलूप सरळ ज्येष्ठात गेलं होतं. अधिक महिना नावाचं काही असतं, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ज्यानं सांगायचं, तो त्याच महिन्याचे सात धोंडे खाऊन, त्याच महिन्याचं वाण हातात घेऊन, राख झटकत बसला होता.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. साहेब.

"मामा, मला वाटतं ज्येष्ठ टाकायला पाहिजे."

"वाटतंय का नक्की हाय?"

नक्की म्हणण्याची माझी हिंमत नव्हती. मी ताट खाली ठेवलं आणि जे, वाय, ई, यस, एक अशी बटणं दाबली. आता उरलं एंटरचं बटण, ते दाबायला बोट पुढे जाईना. मामांनी डोळे मिटून वैजनाथाचं नाव घेतलं, आणि माझ्या बोटावर आपलं बोट ठेवून दाबलं.

कुलूप उघडलं. काही आवाज नाही, काही नाही. मी खुर्चीतच सैल झालो, आणि रडू येतंय हे दिसू नये म्हणून तोंडात एक अनारसा कोंबला.

साहेब आत आले तेव्हा माल पडद्यावर होता. डबा, रंग, किती शिल्लक, सगळं. साहेबांनी हवं ते विचारलं, मामांनी हवं ते दाखवलं. अर्ध्या तासात साहेबांनी मामांचा हात हातात घेतला आणि एजन्सी तुमचीच म्हणाले. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पडद्यावर 'कुलूप' हे नाव वाचून साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं? मामांनी माझ्याकडे बोट केलं. तोवर मी दुसरा अनारसा तोंडात टाकला होता, म्हणून नुसती मान हलवली.

"वा," साहेब म्हणाले. "पण काय हो, दोन हजार साल उजाडल्यावर चालेल ना हे?"

मी घास गिळून बोलणार, तेवढ्यात मामाच बोलले.

"दोन हजाराचा घोर न्हाई साहेब. शंभर वर्साची जबाबदारी घेतलीय पाव्हण्यानं. फकस्त धोंड्याच्या महिन्यात उघडत न्हाई. म्हणून आता दर खेपेला जावयाला बोलवावं लागणार. लोक जेवायला बोलवतात, आमी कुलूप उघडायला."