अमिनामावशीचे कोरडे हात

अमिनामावशी गेल्याचं मला तिच्या जावयाने शाळेत येऊन सांगितलं. मी नववीच्या वर्गावर होतो. शिंपीकाम करता करता तो तसाच उठून आला होता, टेप गळ्यात लोंबत होती. "मास्तर, म्हातारी गेली," तो म्हणाला. "सकाळी भाकरी खाल्ली, जरा पडतो म्हणाली... उठलीच न्हाय." मी मुलांना काय सांगितलं आणि वर्गाबाहेर कसा आलो ते आठवत नाही. एवढंच आठवतं की भर दुपारच्या उन्हात मला गरम पाण्याची वाफ दिसत होती आणि त्या वाफेत शिकेकाईचा वास होता.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. तिची माझी ओळख मी जन्मलो त्या दिवसापासूनची. आम्ही मूळचे हुपरीचे. वडील चांदीची घुंगरं घडवायचे, अमिनामावशीचा नवरा दागिन्यांना उजाळा द्यायचा, आणि ती गल्लीतल्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायची. मलाही तिनेच न्हाऊ घातलं. ते मला आठवत असणं शक्य नाही, पण झोप लागता लागता कधी कधी वाटतं की दोन नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत मी पालथा पडलोय, पाठीवरून ऊन पाणी ओघळतंय, आणि वरून कुणी तरी काहीबाही बोलतंय... शब्द कळत नाहीत, पण आवाज तिचाच असतो.

नवरा वारल्यावर ती कोल्हापुरात लेकीकडे राहायला आली. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी मीही कॉलेजसाठी कोल्हापूरला आलो आणि तिच्याच गल्लीत खोली घेतली. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. शहराला मी इतका बुजलो होतो की वर्गात कुणाशी बोलायचो नाही. त्या पावसाळ्यात माझ्या कमरेला नायटा झाला. नीट वाळले नसतानाच कपडे अंगात घालायचो, त्याचा परिणाम. लाजेपोटी कुणाला सांगितलं नाही. कुणीतरी सांगितलेलं जहाल औषध लावून कातडी मात्र भाजून घेतली. मी कसा चालतो हे तिने दारातून पाहिलं आणि तिथूनच ओरडली, "अरं ए शास्तरी, कमरंला काय झालंय? नायटा व्हय?" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण त्या दिवसापासून माझे कपडे तिच्या शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर वाळू लागले. "भाजनारं कायबी लावू नगंस. अंग कोरडं ठेव, मग दवाखान्यात जा," एवढंच तिचं म्हणणं. पुढं बी. एस्सी. झालो तेव्हा पेढा घेऊन पहिला तिच्याकडे गेलो. तिने अर्धा खाल्ला आणि विचारलं, "आता काय काय येतं तुला?" मी सांगू लागलो. ती डोळे मिटून ऐकत राहिली, एखादं गाणं ऐकावं तशी.

मी शाळेत शास्त्र शिकवू लागलो, लग्न झालं, मुलगी झाली. पहिल्या दिवसापासून अमिनामावशी हजर. सकाळी बंब पेटायचा, न्हाणीत वाफ भरायची, आणि त्या धुक्यात पाय पसरून बसलेली ती अर्धीच दिसायची. माझी बायको सुमन प्रत्येक गोष्टीला घाबरायची, आणि मावशीकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. नाकावरचे पांढरे बारीक दाणे? "दुधाचं दाणं हाईत, फोडायचं न्हाय." टाळूवरची खपली? "त्याल लावून मऊ होऊ दे. नख लावशील तर बघ." कमरेखालचा निळसर डाग बघून सुमनला वाटलं, पोर कुठंतरी आपटली. मावशी हसली, "येताना आभाळाला घासून आलीया. वर्सा-दोन वर्सांत उतरंल." तिच्या बोटांची टोकं कायम मेंदीने लाल असायची. या वयातही नटते, म्हणून माझी आई तिची थट्टा करायची. "मग काय, बाळानं पयल्यांदा डोळं उघडावं आनी काळं हात बघावं?" असं ती म्हणायची.

चौथ्या दिवशी मुलीच्या अंगावर लाल चट्टे उठले. प्रत्येक चट्ट्याच्या मध्ये पिवळसर ठिपका. छाती, पाठ, मांड्या... मी हादरलो. त्याच सकाळी मावशीच्या बोटांची मेंदी फिकी झालेली होती. ती तांब्या उचलत असताना उजेडात मला तिची नखं दिसली. जाड, खरबरीत, कडेला हिरवट काळी. मुळाशी कातडी सुजून वर आलेली. त्या आठवड्यात मी मुलांना जंतू शिकवत होतो. दोन गोष्टी माझ्या डोक्यात क्षणात जोडल्या गेल्या. शिकलेल्या माणसाला दोन गोष्टी जोडायची घाई असते.

"मावशी, तुमच्या नखांना काय झालंय?" मी विचारलं. जन्मात पहिल्यांदा मी तिला 'तुम्ही' म्हणत होतो.

"पान्यानं झालंय. लई वर्सं झाली."

"उद्यापासून येऊ नका."

तिने मुलीला पुसलं, दुपट्यात गुंडाळलं, सुमनच्या कुशीत दिलं. मग नुसतं "बरं" म्हणाली आणि हात पदराखाली घेऊन गेली. न्हाणीतली वाफ विरेपर्यंत मी तिथंच उभा होतो. मी बरोबर वागलो, असंच मला वाटत होतं. हे लिहायला हवं, कारण या लेखात दुसरं काही नसलं तरी ते असलंच पाहिजे.

आईने नळावर सांगितलं, नळावरून गल्लीभर झालं. दुसऱ्या दिवशी, ती न्हाऊ घालायला जायची त्या गल्लीतल्या आणखी दोन घरांनी तिला नको म्हटलं. त्यातली टोकाच्या घरची तानूकाकी तर मोठ्याने म्हणाली, "मास्तर शास्त्र शिकलाय, तो उगंच सांगंल व्हय? महारोग असंल." मी न उच्चारलेला शब्द माझ्या पदवीच्या आधाराने उभा राहिला होता.

मुलीला घेऊन मी शाहूपुरीतल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ताप? दूध पिते? झोपते?" पिते, झोपते, ताप नाही, असं मी सांगितलं. "मग हिला काही झालेलं नाही. नव्या बाळांना असं पुरळ येतं, आठवडाभरात आपोआप जातं. काही लावू नका." मी नखांचं बोललो. ते म्हणाले, "त्याचा ह्या पुरळाशी काहीही संबंध नाही. पण त्या बाईंना तुम्ही घेऊन का आला नाहीत?"

 मुलीला घरी पोचवून मी मावशीच्या दारात गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि हात झाकले.

"चल, डॉक्टरांकडे."

"कशाला? तू बघितलंस की."

मी उभाच राहिलो. शेवटी तिची लेक आतून म्हणाली, "जा गं आई. मास्तर रडाय लागलाय." मी रडत नव्हतो, पण ती तसं म्हणाल्यावर रडू आलं. "च्या मारी," मावशी उठत म्हणाली, "तवा बी असाच रडायचास, डोस्क्यावर पानी घातलं की."

डॉक्टरांनी तिचा हात उघड्या हातात घेतला, हातमोजा नाही, काही नाही. बाहेर बसलेली चार माणसं दारातून बघत होती. मग त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचं टोक बोटांवरून फिरवू लागले. "लागलं की सांगा."  "हितं," मावशी म्हणाली. "आता हितं... आता करंगळीला... आता न्हाय, आता कायबी न्हाय." खरंच, तेव्हा कापूस हवेत होता. मिटल्या डोळ्यांची ती इतकी शांत दिसत होती की मला वाटलं, हिला झोप लागली. ज्या बोटांनी शेकडो पोरांची टाळू चाचपली त्या बोटांना कापसाचा स्पर्श कळतो की नाही हे आम्ही तपासत होतो.

"महारोग वगैरे काही नाही," डॉक्टर मुद्दाम मोठ्याने म्हणाले. "हे नखुरडं आहे, जुनं मुरलेलं. दिवसभर हात पाण्यात, त्यामुळे नखाच्या कडेची कातडी सुटते आणि आत बुरशी धरते. हे जांभळं औषध लावायचं आणि तीन-चार महिने हात कोरडे ठेवायचे."

"कोरडं?" मावशीने डोळे उघडले. "मग पोरं काय वाऱ्यानं धुवू?"

डॉक्टर हसले, पण तिने खरंच विचारलं होतं. दुसरं तिला काही येत नव्हतं. टांग्यातून येताना ती सारखी आपली जांभळी बोटं उलटसुलट बघत होती. "म्हातारपनी जांभळी मेंदी," म्हणाली. मग टांगा गल्लीत वळताना, "पोरीला उद्या कोन घालनार न्हाऊ?"

"आई घालेल."

"तुझ्या आईची कंबर धरलीया. तू घाल."

"मी?"

"शिकलाईस न्हवं लई? मग ह्ये बी शिक."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली आणि न्हाणीच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसली, दोन्ही हात मांडीवर, कोरडे. मी धोतर गुडघ्यापर्यंत सारून आत. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई, पुरुषमाणसानं?" मावशी तिच्याकडे न बघताच म्हणाली, "का? हात न्हाईत व्हय त्येला?" शेजारच्या बायका खिडकीशी जमल्या. मला त्या दिसत नव्हत्या, नुसतं हसू ऐकू येत होतं. वाफ दाट होती आणि वाफेपलीकडून आवाज येत होता... "पाय पसर. जवळ घे. आता पोरगी पालथी. मान धर, मान. घाबरू नगंस, ती तुला घाबरंना झालीया. पानी पाठीवरनं सोड, सावकाश... आता बेचक्यात, मांडीच्या घडीत. पुसताना बी तितंच आधी पूस. वलं ठेवलंस की कातडं लाल होतंय."  मी मध्येच म्हणालो, "मावशी, चुकलं माझं."  मग आवाज आला, "पानी निवाय लागलंय. आधी पोरगी."

त्यानंतर तो विषय तिने कधी काढू दिला नाही. पण शाळा सुटल्यावर मी त्या दोन्ही घरी गेलो आणि माझ्या तोंडाने सांगितलं की मी चुकलो, तिला रोग नाही, डॉक्टरांनी माझ्यासमोर तपासलंय. एका घराने दुसऱ्याच दिवशी तिला बोलावलं, आणि तिथली सासूही उंबऱ्यावरच्या आवाजाने नातवाला न्हाऊ घालायला शिकली. तानूकाकीने मला पाणी दिलं, ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "आसंल बी. पन मन घेत न्हाय बगा." मी आणखी दोनदा गेलो. त्या घरचा दरवाजा मावशीला कधीच उघडला नाही. समोरून जाताना ती हात पदराखाली घ्यायची, नखं बरी झाल्यावरसुद्धा. एक-दोन नखांवर वळ राहिले, बाकीची नवी नखं गुलाबी आली. पण मी पेरलेलं एका घरात राहिलंच.

परवा रविवारी, इतक्या वर्षांनी, तानूकाकी माझ्या दारात आली. तिच्या नातसुनेला मुलगा झालाय, पाच-सहा दिवसांचा. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, तुमाला त्या अमिनानं शिकीवलं म्हंत्यात. आमची पोरगी पोराला हात लावाय भेतीया. जरा सांगता का?"

मी नाही म्हणणार होतो. जिभेवर आलं होतं की सांगणारी सहा आठवड्यांपूर्वी गेली, आणि तिला तुम्ही... पण ते दार तिच्यासाठी बंद करणारा पहिला माणूस मी होतो. मी गेलो.

त्यांच्या न्हाणीच्या उंबऱ्याशी पाट टाकून घेतला, भिंतीकडे तोंड करून बसलो. आत पाणी ओतल्याचा आवाज झाला, वाफ माझ्या खांद्यावरून बाहेर येऊ लागली. "अमिनामावशी सांगायची, आधी पाय पसरायचे," मी म्हणालो. "अमिनामावशी सांगायची, बाळ आपल्याला घाबरत नाही." प्रत्येक वाक्याआधी मी तिचं नाव घेत होतो. तानूकाकी शेजारी उभी होती. मला वाटलं, ती आता थांबवेल, आता चिडेल. आतून पोरगी म्हणाली, "आज्जी, ह्येच्या नाकावर पांढरं पांढरं काय हाय गं?"

तानूकाकी माझ्याकडे बघत राहिली. मी बोललो नाही. वाफेत तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"दुधाचं दाणं हाईत," ती हळूच म्हणाली. "फोडू नगंस. अमिना म्हनायची."