तक्ता काढा, तक्ता घाला

माझी नात भिंतीवरचं शेवाळ मोजते. घरात तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण लहानपणापासून स्वतःपेक्षा मोठं दप्तर ओढत आली आहे. हातात भिंग, पट्टी, आणि कुठल्याही ओल्या भिंतीपुढे उकिडवी बसलेली. लोक तिला नगरपालिकेची समजून गटाराच्या तक्रारी सांगतात, आणि ही बया त्याही लिहून घेते. शेवाळ मोजून काय मिळतं, असं मी एकदा विचारलं तर तासभर समजावत बसली. हवा कुठे किती घाण आहे ते शेवाळ सांगतं म्हणे. मोरीतलं शेवाळ मी जन्मभर खरवडत आले, मला कधी काही बोललं नाही.

तर ही तिची पीएचडी. चाळीस भिंती आणि एक सर. सर म्हणजे तिचे गाइड. त्यांनी वाचायचं, चुका दाखवायच्या आणि शेवटी सही करायची. हे सगळं सहा वर्षांत व्हावं लागतं. त्यातले वीस दिवस उरले होते तेव्हाची ही गोष्ट.

मुंगी एकेक प्रकरण लिहून देऊन यायची आणि महिनोन्महिने वाट बघायची. विचारलं की म्हणायची, "सर कामात आहेत गं आजी." कसली डोंबलाची कामं! त्यांच्या पुस्तकाची प्रुफं हिने तपासली. परीक्षेचे पेपर हिने लावले. त्यांच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे हिने नेलं, तेही दोनदा. त्या बाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण न्यायला मुलगा आहे की धडधाकट!

"तुम्ही काही बोलू नका हं सरांना," माझी सून, मुंगीची आई, मला बजावायची. "तिचं सगळं त्यांच्या हातात आहे."

"हातात आहे गं, पण उघडून कोण बघतंय?"

चौथं प्रकरण सात महिन्यांनी परत आलं. मुंगी ते मांडीवर घेऊन जमिनीवर बसली आणि रडायला लागली. "माझंच चुकतंय, आजी. मला जमतच नाही."

तिचे त्याच प्रकरणाचे जुने गठ्ठे कॉटखाली होते. ते मी बाहेर ओढले. मी वाचते हळू, बोट ठेवून. शेवाळाचं मला काय कळणार, म्हणून नुसतं कडेचं सरांचं तांबडं अक्षर लावत गेले. पहिल्या गठ्ठ्यावर, 'तक्ता काढा.' दुसऱ्यावर, 'इथे तक्ता घाला.' तिसऱ्यावर, 'तक्ता कशाला? काढा.' आणि आत्ता आलेल्यावर, 'तक्ता हवा.'

"मुंगे, हा सगळीकडे तोच तक्ता का?"

ती डोळे पुसत वाकली आणि बघतच राहिली. दर वेळी तिने फक्त नवी सूचना वाचली होती. सर आपलंच बोलणं विसरत असतील हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आपण कमी पडलो असं धरून पोरगी अडीच वर्षं काढत होती आणि घालत होती. मठ्ठ असती तर पहिल्याच वर्षी भांडली असती.

मी शिवण शिकले एका खडूस मास्तरांकडे. कॉलर वाकडी बसली की माझ्यासमोर उसवायचे, कुठे वाकडी ते दाखवायचे आणि त्याच दिवशी पुन्हा शिवून घ्यायचे. तोंड भारी वाईट. पण सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं असं त्यांनी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुंगी नको नको म्हणत असताना मी तिच्याबरोबर गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. सरांच्या खोलीत टेबलावर गठ्ठे, खुर्च्यांवर गठ्ठे. एक उचलून मी खाली ठेवला आणि बसले. मुंगीने त्या एकाच प्रकरणाचे चारही गठ्ठे त्यांच्यापुढे शेजारी शेजारी मांडले.

सरांनी एक पाहिलं, दुसरं पाहिलं आणि हसले. "संशोधनात असं होतं, आजी. विचार बदलतात. वेळ लागतो."

"वेळ लागू द्या हो. पण विचार बदलला हे तिला कोण सांगणार?"

"तुम्हाला यातलं काय कळतं?"

"काही कळत नाही. म्हणून तर मी वाचलं. तुम्हाला कळतं, तुम्ही वाचलं का?"

त्यांचा चेहरा पडला. प्रबंध जमा करायचा फॉर्म ओढला, पेन काढलं. "सही हवी आहे ना? घ्या सही. वीस दिवसांत जमा करा आणि सुटा."

खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर झडप घालून घेतली असती. मुंगीने फॉर्मवर हात ठेवला.

"वाचून करा, सर."

"आता वाचायला वेळ कुठे आहे? मुदत टळेल. मग माझ्याकडे यायचं नाही."

"नाही येणार," ती म्हणाली. आणि सगळं गोळा करून बाहेर पडली.

थेट विभागप्रमुख बाईंकडे. त्यांनी चारही तांबड्या ओळी वाचल्या आणि आधी मुंगीलाच झापलं. "इतकी वर्षं गप्प का बसलीस?" मला राग आला. पोरगी गप्प बसली हे दिसतं, तिला कोणी विचारलं नाही हे दिसत नाही का? तसं मी बोललेही. बाईंनी तांबड्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. आम्ही विचारायला हवं होतं." वर्षभराची मुदतवाढ मिळवून दिली आणि मुंगीला स्वतःच्या हाताखाली घेतलं.

त्यांनी सगळा प्रबंध बारा दिवसांत वाचला. मग तिला तीन तास समोर बसवून पानापानाला धुतलं. घरी आली ती पिशवी आपटत. "मोजायची पद्धतच अर्ध्या भिंतींवर चुकली आहे, आजी! पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर आठवड्याचं काम होतं!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःवर सोडून दुसऱ्या कोणावर चिडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता रोज सकाळी भिंग घेऊन निघते. वीस भिंती पुन्हा मोजायच्या आहेत. अठरा जागेवर आहेत. दोन भिंतींना मधल्या काळात गिलावा झाला, वर पांढरा रंग. तिथलं शेवाळ आता कुठून खरवडून आणायचं, ते त्या सरांना कोणीतरी विचारा. मी विचारलं तर नीट शब्दांत विचारणार नाही.