राखणदाराने परत केलेली बाटली

इथे लिहिणारे सगळे आधी सांगतात की त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता. राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, मी फेणीची बाटली ठेवायचे ती विजेचं बिल भरल्यासारखी. सासू भरायची म्हणून मी भरायचे, आणि न भरल्यास काय होतं ते बघायची हिंमत नव्हती. आता नात मोबाइलवर टाइप करायला शिकवून गेली आहे, तेव्हा सत्तरीत एकदाचं लिहून टाकते.

आमचं घर मये गावात, तळ्यापासून चालत दहा मिनिटं. माहेर पेडण्यात, हळर्णला. आमचे हे खनिजाचा ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला आणि हे बारमध्ये बसू लागले. प्यायचे ते आधीपासूनच, वीस-पंचवीस वर्षं, पण तेव्हा निदान ट्रकची वेळ असायची. आता सकाळपासून मोकळे. दोन वर्षांत पाय सुजले, डोळे हळदीसारखे झाले, हात काटकुळे आणि पोट मात्र दिवस भरलेल्या बाईसारखं. डिचोलीच्या डॉक्टरने सुईने पोटातलं पाणी काढलं. मग मला एकटीला आत बोलावून सांगितलं, लिव्हर गेल्यात जमा आहे, यापुढे एक थेंबही नको.

मग मी काय केलं? ह्यांनी बारकडे जाऊ नये म्हणून बाहेर पडताना दाराला कुलूप घालायला लागले. चावी कमरेला. गावभर मिरवले की नवऱ्याची दारू सोडवली. आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने ह्यांना गरम पाण्यातून दोन कुलेरं — म्हणजे चमचे — फेणी द्यायला लागले.

हसा, मीही हसते त्या बाईला. भावाने हळर्णला घरी काढलेली काजूची फेणी, ती दारू कशी असेल? आमच्याकडे ती पोरांच्या छातीला चोळतात, खोकल्याला देतात, पोटदुखीला देतात. दारू म्हणजे बारमधली, लेबल लावलेली. शिवाय गुण डोळ्यांना दिसत होता. सकाळी ह्यांचे हात थरथरायचे, कपातला चहा बशीत सांडायचा. दोन कुलेरं पोटात गेली की हात स्थिर. डॉक्टर दर खेपेला मला विचारायचे, "घेत नाहीत ना?" मी मान ताठ करून सांगायचे, "एक थेंब नाही, डॉक्टर." हे तेव्हा बाहेर बाकावर धापा टाकत बसलेले असायचे.

पोट पुन्हा भरलं तेव्हा मी राखणदाराकडे गेले. घरामागून पोफळींतून एकच पायवाट जाते, तिच्या टोकाला झाडाखाली त्याचा दगड. भर दुपारी बाराची वेळ. भावाकडची नवी बाटली, बुचाशी जास्वंदीचं लाल फूल खोचलेलं. दगडापुढे ठेवली, ह्यांना बरं कर म्हणून गाऱ्हाणं घातलं. उठून बघते तर बाजूला एक म्हातारा बसलेला. खांद्यावर घोंगडी, पाय अनवाणी. वाटलं, बाहेरून कामाला आलेला कुणी असेल.

"कोणाक हाडल्या?" बाटलीकडे बोट दाखवत त्याने विचारलं.

"राखणदाराक. घोव दुयेंत आसा, बरो जावं म्हूण."

"आनी घोवाक कोण ओतता?"

"हांव. दोन कुलेरां, वखद म्हूण." बोलून गेल्यावर लक्षात आलं की औषध म्हणून देते हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

"मगे म्हाका नाका," म्हातारा म्हणाला. "परत व्हर."

मला राग आला. मनात म्हटलं, मला नको, परत ने म्हणणारा हा कोण? ह्याला कुणी विचारलंय? बाटली तिथेच ठेवून मी तडक घरी निघाले. वळणावर मागे बघितलं, म्हातारा बसल्या जागी बसलेला. वाटेत मला कुणी ओलांडून गेलं नाही. कमरेची चावी काढून कुलूप उघडलं, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले... ओट्यावर बाटली उभी. बुचाशी तेच लाल फूल.

हे बाहेरच्या खोलीत पडून होते. विचारलं, "कोण आयिल्लो?"

"कोण येतलो? भायल्यान कुलूप आसा न्हय?"

आता शहाण्या बाईने काय समजावं? मी समजले, प्रसाद. देवाने ठेवून घेतलं नाही म्हणजे घरच्यांसाठी परत दिलं. दुसऱ्या सकाळपासून त्याच बाटलीतली द्यायला लागले, आणि प्रसादच तो, म्हणून दोनाची तीन कुलेरं केली.

बाटली अर्ध्यावर आली. एका सकाळी चहात पाव बुडवता बुडवता ह्यांना रक्ताची उलटी झाली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीने विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा खरं सांगितलं, कुलेरांसकट. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, घरची की बारची ते लिव्हरला कळत नाही."

चार दिवस हे भ्रमात होते, मला बहीण समजून हाका मारायचे. पाचव्या सकाळी ओळखलं. मी विचारलं, दिली तर घेतलीत कशाला?

"तुवें दिली म्हूण घेतली गो. हांवें केन्नाच सोडिल्ली." मग दम घेऊन म्हणाले, "म्हाका दिसलें, दोतोरान तुका सांगलां आसतलें."

त्यांनी तर केव्हाच सोडली होती. मी देते म्हणजे डॉक्टरनेच सांगितलं असणार, असं समजून ते रोज तोंड उघडत होते. त्याच संध्याकाळी गेले.

तो म्हातारा गावात कुणी पाहिला नव्हता. नात म्हणते, "आजी, म्हातारा तुला भासला, बाटली तूच परत आणलीस आणि टेन्शनमध्ये विसरलीस." असेलही. पण दोन्ही हात मोकळे टाकून चालत आल्याचं मला अजून आठवतं. कुलपाचं तर काहीच सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर लिहा, मी वाचेन.

नातीचं खरं धरलं तर मला कुणी काही सांगितलंच नव्हतं, आणि मी नुसती अडाणी ठरते. तेवढं मला चालेल. पण म्हातारा खरा असेल, तर मला वेळेवर सांगितलेलं होतं.