क्रिस्पुलोचं कोनफळ, सिक्स्ताचं अंगण

शेजारच्या क्रिस्पुलोचं नाव निघालं की सिक्स्ताच्या जिभेला धार चढायची. का नाही चढणार? त्या आळश्याची कोनफळाची वेल कुंपणावरून तिच्या अंगणात आली, तिच्या नवऱ्यानं मरण्याआधी लावलेल्या फणसावर चढली आणि बघता बघता झाडाचा जीव घेतला. वेलीला पानांच्या बेचक्यात धरलेले गड्डे पडतील तिथे रुजत होते. आता शेंडे धाकट्या फणसाकडे वळले होते.

"गड्डे पडायच्या आत काढत जा, वेल तुझ्या बांबूवर चढव," तिनं कितीदा सांगितलं.

"नाँग, वेल ती, चढणारच," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तो दात कोरत म्हणायचा. जित्याची खोड.

कोयता मारला की काम झालं असतं. पण लहानपणी पिकं बुडाली तेव्हा याच कंदानं घर जगवलेलं. तिचा हात धजेना. फिलिपिन्सच्या या बोहोल बेटावर कोनफळ जमिनीवर पडलं तरी ज्याचं त्यानं उचलून मुका घ्यायचा, माफी मागायची. सिक्स्तानं नेमकं हेच धरून ठेवलं. पानं पिवळी पडून गड्डे सैल होईपर्यंत थांबली.

रविवारी जपमाळेला आलेल्या बायका अंगणात असतानाच तिनं बांबू घेऊन वेल गदागदा हलवली. गड्डे टपाटप मातीत पडले.

"क्रिस्पुलो, तुझं कोनफळ लोळतंय इथं. ये."

तो आला. "तूच पाडलंस की."

"वेल कुणाची?"

म्हातारी पुरिता माळ आवळत म्हणाली, "उचल रे बाबा. उगाच पोराबाळांना भोवेल."

क्रिस्पुलो गुडघ्यांवर बसला. एकेक गड्डा उचलायचा, ओठांना लावायचा, पुटपुटायचा. ओठांवर माती बसली. सिक्स्ता स्टूल ओढून समोरच बसली. इतक्या दिवसांत तिला असं बरं वाटलं नव्हतं.

"ते बघ, बुंध्याशी एक राहिलं."

त्यासाठी त्याला वाळलेल्या फणसाला मिठी मारल्यागत वाकावं लागलं.

टोपली भरल्यावर तो उठला, तोंड पुसलं. मग न सांगताच धाकट्या फणसावरचे शेंडे सोडवून आपल्या बाजूला ओढून घेतले.

"झालं ना आता, नाँग? माफी मागितली."

"कोनफळाची मागितलीस," सिक्स्ता म्हणाली. "त्यानं केलं असेल माफ."

वाळलेला फणस मात्र तिनं तोडू दिला नाही. क्रिस्पुलोच्या दारातून तो सरळ दिसतो.